उष्टी फुंक

दामूभाऊंची आणि माझी शेवटची भेट चांद्याच्या इस्पितळात झाली. त्या भेटीतलं मला सगळ्यात आधी आठवतं ते त्यांचं बोलणं नव्हे, वास. पायाच्या अंगठ्याला ठेच लागल्याची साधी जखम, पण साखरेच्या आजाराने ती चिघळत चिघळत घोट्याच्या वर गेली होती. पाऊल काळं पडलं होतं. पट्टी बदलून परिचारिका निघून गेली तरी तो वास खोलीत तसाच राहायचा... गोडसर, कुजका, जिभेवर येऊन बसणारा. मी खाटेपासून लांब, खिडकीच्या गजांना धरून उभा राहिलो. जणू मला बाहेरचा रस्ता फार पाहण्यासारखा वाटत होता.

"काऊन रे नाना, तिथीच उभा काऊन राह्यला?" दामूभाऊंनी विचारलं.

"जरा हवा घेतो, भाऊ."

"रुमाल लाव नाकाले. मले वाईट नाई वाटत. मीच माह्या नाकाले लावला असता, पण हात उचलत नाई." आणि ते हसले.

मी रुमाल लावला. खरंच लावला. मावसभाऊ, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, ज्याच्या हाताखाली मी कामाला लागलो, ज्याच्या घरी महिनोन् महिने जेवलो, त्याच्यासमोर मी नाकाला रुमाल लावून बसलो. मग त्यांनी एकाच गोष्टीबद्दल विचारलं, "जाकीट धुतलंस?" मी म्हटलं, धुतलं. "आतून?" आतून. "धुतल्यावर नळीचा वास घेतला?" मी म्हटलं, घेतला. त्यांनी समाधानाने डोळे मिटले. मी धादांत खोटं बोललो होतो. अहेरीहून निघताना मी त्यांच्या घराकडे, तिथे टांगलेल्या त्या जुन्या रबरी जाकिटाकडे, फिरकलोही नव्हतो. पण 'नाही' म्हटलं असतं तर ते कसं धुवायचं हे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं असतं, आणि मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं.

काही दिवसांनी आलापल्लीकडून येणाऱ्या एका लॉरीच्या ड्रायव्हरने दामूभाऊ गेल्याचा निरोप आणला. मी तेव्हा ओसरीवर दाढी करत होतो. निरोप ऐकला, आणि माझ्या मनात जो पहिला विचार आला तो इथे लिहून टाकतो, नाहीतर पुढचं लिहिण्याला काही अर्थ नाही. मला वाटलं, आता त्या खोलीत पुन्हा जावं लागणार नाही. साबण लावलेला माझाच चेहरा आरशात होता. त्या चेहऱ्याची मला तेव्हा जी शिसारी आली ती महिना उलटून गेला तरी पुरती गेलेली नाही.

शाळेच्या पडवीत शोकसभा झाली. दामूभाऊ स्वच्छतेचे पुजारी होते, असं एक जण म्हणाले. दुसऱ्याने त्यांना निर्मळ गंगेची उपमा दिली. दामूभाऊंना गंगेत कोणी काय काय टाकतं हे ऐकूनच ढवळून यायचं, पण ते असो. तेवढ्यात तिसरे गृहस्थ उठले आणि वातावरण हलकं करावं म्हणून त्यांनी घाटावरची ती गोष्ट सांगितली... एक माणूस बुडता बुडता वाचला, सगळे त्याच्याभोवती धावले, आणि दामूभाऊ मात्र त्याच्या तोंडातली लाळ पाहून बाजूला जाऊन ओकत बसले. पडवी हसली. मायेने हसली, पण हसली. ती गोष्ट त्या गृहस्थांनी पाहिलेली नव्हती, ऐकलेली होती. आणि ती मी पसरवलेली होती. ओकण्याच्या आवाजाची नक्कल करून, लग्नकार्यात, बाजारात, बिछायतीवर बसून कित्येक वर्षं मीच ती सांगत आलो होतो. म्हणून ती गोष्ट आता पुरती सांगायचं काम माझ्याकडे येतं.

दामूभाऊंना किळस फार यायची. हे कोणी लपवण्याजोगं नव्हतंच. सिंदेवाहीला लहानपणी आम्ही पोरं चोखलेला आंबा त्यांच्यापुढे धरायचो, तेवढ्याने ते पानावरून उठायचे. दुसऱ्याने ओठ लावलेल्या लोट्यातलं पाणी ते पीत नसत. पेला धुवून दिला तरी वास घेत आणि पुन्हा धुवायला लावत. मोठेपणी हे कमी होईल असं सगळ्यांना वाटलं, पण ते वाढलं. असा माणूस अहेरीजवळ प्राणहितेच्या घाटावर लाकडाच्या डेपोत कोठीवाला म्हणून लागला, आणि लाकडं मोजून घ्यायला त्यांनी मलाही तिथे चिकटवलं. तेव्हा नागपूर अजून मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि जंगलातला बराचसा माल नदीनेच यायचा. सागवानाचे ओंडके बांबूंच्या जुड्यांना बांधून तराफे करायचे आणि पुराचं पाणी उतरलं की प्रवाहात सोडायचे. वाटेत तराफा फुटला की ओंडके डोहात बसायचे. मग ते काढायला पाणबुडे लागत. ते खाली जाऊन ओंडक्याला साखळी अडकवत आणि काठावरची बैलजोडी तो ओढून घेई.

पाणबुडे दोन तऱ्हेचे होते. घाटावरचे ढिवर मासेमार, त्यांचा म्होरक्या मारोती, बोलायला तिखट आणि पाण्यात मगरीसारखा. आणि भामरागडच्या बाजूने आलेले माडिया गडी, त्यांच्यातला लालसू सगळ्यात पुढे, कमी बोलणारा, पण बोलला की हसवणारा. ओंडका शोधायला पुन्हा पुन्हा बुडी मारून माणूस दमायचा, हातपाय गार पडायचे, आणि धारेत काठ गाठणं अवघड व्हायचं. एका हंगामात एक माणूस असाच वाहून गेला. त्यानंतर कोणीतरी वर लिहिलं आणि लढाईच्या शिल्लक मालातली सहा रबरी जाकिटं घाटावर आली. पिवळट करड्या रंगाची, गळ्यात घालून कमरेला पट्ट्याने बांधायची. छातीशी एक नळी आणि नळीच्या तोंडाशी पितळी चावी. खाली जाताना जाकीट रिकामं ठेवायचं. वर आलं की नळीत चार फुंका मारायच्या, चावी बंद करायची, की माणूस बुचासारखा तरंगे. तरंगत दम घ्यायचा, हवा सोडायची, पुन्हा खाली.

जाकिटं कोठीत, म्हणजे दामूभाऊंच्या ताब्यात. त्या काळात त्यांच्याबरोबर बसून मी ती धुताना पाहिली आहेत, आणि ते धुणं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाहेरून नदीचा गाळ आणि शेवाळ काढणं सोपं होतं. खरी घाण आत असे. फुंकताना लाळ जाते, चावी सैल राहिली तर डोहाचं पाणीही जातं, आणि रबराच्या पिशवीत ते दिवसभर उन्हात उकडतं. विहिरीचं स्वच्छ पाणी नळीतून आत भरायचं, जाकीट बाळासारखं दोन्ही हातांवर घेऊन हलवायचं, आणि नळी खाली करून सोडायचं. जे बाहेर यायचं ते पाणी नसायचंच. हिरवट बुळबुळीत, शेंबडासारखी तार धरणारं, त्यात तंबाखूचे कण, आणि मोहाच्या दारूचा, मासोळीचा, रात्रीच्या कांद्याचा एकत्र आंबलेला वास. एकदा त्यातून अळी पडली. स्वच्छ पाणी येईपर्यंत पुन्हा पुन्हा भरायचं. मग सावलीत उलटं टांगायचं, कारण उन्हाने रबर चिरतं. वाळलं की रबरावर शंखजिऱ्याची पूड चोळायची. आणि शेवटी थोडी हवा भरून ठेवायची, नाहीतर आतल्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना फाटतात. हवा भरण्याचं काम दामूभाऊ सायकलच्या पंपाने करू पाहत, पण पंपाचं तोंड नळीत बसेना. मग कोणातरी गड्याला बोलावत आणि तो फुंकत असताना स्वतः पाठ करून उभे राहत.

लवकरच भांडण उभं राहिलं. माणसं जास्त, जाकिटं सहा. सकाळी जे जाकीट मारोतीच्या अंगावर, तेच दुपारी लालसूच्या. नळी मात्र एकच.

"मी नाई लावत तोंड," मारोतीने एका सकाळी जाकीट कोठीच्या दारात आणून टाकलं. "याच्या तोंडाचा मोहाचा वास येऊन राह्यला. आमच्यात असं उष्टं चालत नाई जी."

लालसू पायरीवर बसून पाय पुसत होता. "अन् तुह्या तोंडाले काय चमेलीचा येते? सुकी मासोळी खाऊन फुंकते हा, अन् मले आत दिवसभर मासोळीबाजार."

"तू धुऊन घे ना बे मंग."

"तूच घे. आमच्यात बी दुसऱ्याचं उष्टं नाई चालत. तुमालेच देव दिला का?"

दोघंही हसत नव्हते. दोन्हीकडची माणसं जाकीट न घालता पाण्यात उतरायला लागली, आणि वाहून गेलेल्या त्या माणसाची आठवण तर ताजी होती. मला हे सगळं वेडेपणाचं वाटत होतं. जीव मोठा की उष्टं, असं मी कोठीत तावातावाने म्हणालो. दामूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू लावशील का तोंड?" मी लाकडांच्या मोजणीची वही पुढे ओढली. घाटावर त्या दोघांचं म्हणणं मनापासून समजणारा तो एकच माणूस होता. इतरांना ती जातीची, रीतीची अडचण दिसली. दामूभाऊंना ती पोटातली दिसली.

उपायही त्यांनीच काढला. जुन्या धोतराचं मऊ कापड आणून उकळलं, त्याचे वीतभर तुकडे केले आणि प्रत्येक गड्याला त्याचा त्याचा तुकडा दिला. मारोतीच्या माणसांच्या तुकड्याला तांबडा दोरा, लालसूच्या माणसांच्या तुकड्याला काळा. जाकीट घातलं की आपला तुकडा नळीच्या तोंडावर दुहेरी बांधायचा आणि त्यातून फुंकायचं. तोंड कापडाला लागतं, नळीला नाही. काठावर दामूभाऊंनी मारोतीकडून फुंकून घेतलं. जाकीट टरारून फुगलं. लालसूने फुंकलं, तेही फुगलं.

"आता कसं! ज्याचं त्याचं," मारोती खूश होऊन म्हणाला.

"भाऊ, डोकं चालवलं तुम्ही," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. पाण्यात वापरायची वस्तू, आणि ती आम्ही काठावर कोरडी तपासत होतो, हे तिथे उभ्या असलेल्या एकाही माणसाला सुचलं नाही. सगळे त्या उष्ट्यातून सुटल्याच्या आनंदात होतो.

दिवाळीनंतरचे दिवस, पाणी चांगलंच गार. मारोती एका जड ओंडक्यासाठी पुन्हा पुन्हा खाली जात होता. साखळी बसत नव्हती. शेवटच्या बुडीनंतर तो वर आला तो बराच खाली, धारेत. त्याचा हात नळीकडे गेलेला मला काठावरून दिसला. त्याने तोंड लावलं. गाल फुगले. जाकीट मात्र अंगाला चिकटलेलंच राहिलं. त्याने पुन्हा फुंकलं. डोळे बाहेर आले... ओलं कापड नळीवर कातड्यासारखं ताणून बसलं होतं आणि त्यातून वाराही जात नव्हता. दोरा ओढायला गेला तर गाठ पाण्याने आवळलेली. मी काठावर उभा राहून ओरडत होतो, "फुंक! मारोती, फुंक!" तो दुसरं काय करत होता? त्या वेळचा माझा आवाज आजही कानात येतो.

लालसू डोंग्यात होता. त्याने डोंगा वळवला नाही, सरळ उडी टाकली. मारोती एकदा बुडाला, वर आला, तेव्हा लालसूने एका हाताने त्याच्या केसांना धरलं, नळी ओढून तोंडात घेतली आणि कापड दातांनी फाडून काढलं. मारोतीच्या लाळेने भिजलेलं ते फडकं तोंडाच्या कडेला तसंच लोंबत असताना तो फुंकत राहिला. जाकीट हळूहळू वर आलं. त्याच्याबरोबर मारोतीचं तोंड पाण्याबाहेर आलं.

काठावर आणल्यावर मारोतीने पाणी ओकलं, खोकला, पुन्हा ओकला. बराच वेळ तो नुसता पडून होता. मग डोळे उघडून त्याने विचारलं, "कोन फुंकलं?"

"मीच," लालसू म्हणाला.

"मोह पिऊन आला होता का बे?"

"रातची हाय."

मारोतीने हाताने तोंड पुसलं. "मंग बरं झालं," तो म्हणाला. "आंगात ऊब आली."

सगळे इतक्या जोराने हसले की बैल बुजले. आणि याच हसण्याच्या आड मागे कोणीतरी ओकत असल्याचा आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं तर दामूभाऊ वाळूत गुडघ्यांवर बसून ओकत होते.

मी सांगत आलो ती गोष्ट इथे सुरू होते आणि इथेच संपते. आता मधलं सांगतो. मी दामूभाऊंच्या शेजारीच उभा होतो, त्यामुळे ते मी एकट्याने पाहिलं. बाकीचे मारोतीकडे बघत असताना लालसूच्या तोंडातून गळून वाळूत पडलेलं ते फडकं दामूभाऊंनी उचललं. तांबड्या दोऱ्याचं. लाळेने, गाळाने, ओकलेल्या पाण्याने माखलेलं. दोन बोटांच्या चिमटीत नव्हे, मुठीत उचललं. ते त्यांनी स्वतःच्या तोंडावर दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि जीव खाऊन फुंकलं. हवा गेली नाही. पुन्हा फुंकलं. गाल फुगले, चेहरा लाल झाला, मारोतीचा झाला होता तसाच. त्यांना काय पाहायचं होतं ते त्यांनी पाहून घेतलं, फडकं तोंडावरून काढलं, आणि मग ते ओकले.

ते मी पाहिलं होतं. आणि तरी गोष्ट सांगताना मी ते फडकं गाळत आलो, कारण फडकं सांगितलं की कोणी हसत नाही. त्या फडक्याला 'डोकं चालवलं' म्हणणारा मीच होतो, आणि गोष्टीत फडकं नसलं की मीही त्यात नसायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामूभाऊंनी सगळे तुकडे गोळा करून चुलीत घातले. सहाही जाकिटं आतून धुतली, नेहमीपेक्षा जास्त वेळा. मग पाणबुड्यांना कोठीसमोर बसवलं, त्यांच्या देखत पहिल्या जाकिटाची नळी हातात घेतली आणि उघडी नळी तोंडात धरून फुंकली. उबळ आली. 'ऑक्' असा आवाज झाला, डोळ्यांतून पाणी आलं. चावी बंद केली, जाकीट खांद्याने दाबून हवा राहते का पाहिलं, आणि दुसरं घेतलं. पुन्हा उबळ. असं सहाही जाकिटांचं.

"पायलं का?" डोळे पुसत ते म्हणाले. "सगळ्यात आधी माह्यं तोंड लागलं. आता उष्टं हाय ते माह्यं हाय. ज्याले माह्यं उष्टं चालत नसन, त्यानं पाण्यात उतरू नोको."

मग मारोती उठला, त्याने एक जाकीट उचललं, नळी तोंडात घेतली आणि लालसूकडे पाहत म्हणाला, "कोठीवाल्याचं चालते बा. तो तं दिवसातून दहादा चूळ भरते." लालसू मान हलवत हसला, आणि भांडण मिटलं.

ते मिटलं, पण दामूभाऊंचं सुटलं नाही. जोवर घाट चालला तोवर, पुढे आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला त्यानंतरही, ते रोज सकाळी सहाही नळ्यांना तोंड लावत आले आणि रोज त्यांना उबळ येत आली. सवयीने ती जाईल असं आम्हाला वाटलं होतं. ती एक दिवसही गेली नाही. पाणबुड्यांनी तिचं घड्याळ केलं होतं. सकाळी झोपडीतून बाहेर येत लालसू विचारायचा, "कोंबडा आरवला का?" एकदा तर तो जाकीट घ्यायलाच तयार होईना. म्हणाला, आज कोंबडा पाचदाच आरवला, एक जाकीट राह्यलं असन. आणि खरंच एक राहिलं होतं. त्याची चावी गळत होती.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, हे फुंकायचं काम ज्याला काही वाटत नाही अशा एखाद्या गड्याला का देत नाही?" ते तेव्हा जाकिटातलं पाणी सोडत होते. मान वळवून, श्वास धरून. श्वास सुटल्यावर म्हणाले, "ज्याले किळस येत नाई त्याले आतला वास बी येत नाई. मंग तो धुईन काऊन?"

पुढे रस्ते झाले, लॉऱ्या आल्या, लाकूड नदीने येईनासं झालं. घाट बंद पडला. पाच जाकिटं कोठीतच उंदरांनी खाल्ली. सहावं दामूभाऊंनी घरी आणलं. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मागच्या पडवीत खुंटीला ते टांगलेलं असायचं. अधूनमधून ते धुवायचे, पूड लावायचे, फुंकायचे. ओकारीचा आवाज आला की वहिनी चुलीपासून म्हणायची, "आरवला कोंबडा. झाली याइच्या जाकिटाची आंघोळ."

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. इस्पितळात जे खोटं बोललो होतो ते आता तरी खरं करावं एवढंच मनात होतं. पावसाची झड लागलेली, पडवीत ओल. जाकीट खुंटीला होतं, अर्धवट फुगलेलं, आणि त्याच्या गळ्यात कोणीतरी झेंडूचा हार घातला होता. शोकसभेतल्याच कोणाचं तरी काम. फुलं सडून काळी पडली होती, त्यांचा चिकट रस रबरावरून ओघळला होता आणि त्यावर चिलटं बसली होती. मला एकदम इस्पितळाची ती खोली आठवली. मी हार ओढून काढला आणि बाहेर पावसात फेकला. नळीकडे हात नेला तशी वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"तेवढं सोडू नोका," ती म्हणाली. "चांद्याले जायच्या दिवशी त्याइनं फुंकलं होतं. खाटेवर बसून. पाय खाली टेकत नव्हता, तरी फुंकलं. त्याइचा श्वास हाय त्याच्यात."

मी हात मागे घेतला. मग जे सांगायचं नव्हतं तेच तोंडातून निघालं. "वहिनी, मी त्यांना धुतलं म्हणून सांगितलं होतं. इस्पितळात. धुतलं नव्हतं."

पन्हाळीचं पाणी पडत होतं.

"त्याइनं इचारलं का, वास घेतला का म्हनून?"

"विचारलं."

"अन् तुमी हो म्हटलं."

"हो."

"मी बी तसंच म्हनो," वहिनी म्हणाली. "रोज. गलास धुतला का, वास घेतला का... मी म्हनो, घेतला जी. कोन घेते गलासाचा वास?" तिने पदराने नाक पुसलं. मग पुढे आली, खुंटीवरून जाकीट काढलं, चावीजवळ नाक नेलं आणि तोंड वाकडं करून झटकन मागे झाली. "अगं बाई! किती दिवसाचं कोंडलं हाय हे. त्याइले सोसलं असतं का असं?"

"नसतं."

"मंग घ्या. सोडा. पानी आनतो मी." ती पाठ करून उभी राहिली, दामूभाऊ घाटावर राहायचे तशीच, आणि मग विहिरीकडे गेली.

मी चावी फिरवली. हवा माझ्या तोंडावर आली. तिच्यात रबराचा वास होता, ओलीचा होता, आणि त्याखाली काहीतरी शिळं, गोडसर... त्यांच्या आजाराचं असेल, नुसतं कोंडल्याचं असेल. त्यात दामूभाऊ शोधणं काही मला जमलं नाही. मी मान वळवली, श्वास धरला आणि जाकीट दोन्ही हातांनी दाबत गेलो. शेवटची हवा सुटेपर्यंत दाबलं. मग वहिनीने आणलेलं पाणी भरलं, हलवलं, सोडलं. पहिलं पाणी गढूळ आलं. वहिनी दुसरी घागर घेऊन आली, मग तिसरी. पाणी स्वच्छ आलं तेव्हा मी नळीला नाक लावलं आणि वास घेतला. थांबून, नीट घेतला.

ओल्या हवेत ते वाळायला दोन दिवस लागले. काल जाऊन पूड लावली. फुंकायचं राहिलं होतं. नळी हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. चांगली धुतलेली होती, माझ्याच हातांनी धुतलेली होती. पण किती तोंडांची ती नळी... मारोतीची, लालसूची, त्या सगळ्या हंगामांतली, आणि शेवटची दामूभाऊंची. मी ती ओठांत धरली. पितळेची चव लागली आणि पोटातून अशी उबळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. आवाज आवरता आला नाही.

आत चुलीपाशी भांड्यांचा आवाज थांबला.

"आरवला का?" वहिनीने विचारलं.

नळी तोंडात होती. मी फुंकत राहिलो.